खबरदारीची पाच मिनिटं

घड्याळजींच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळे वाजलेले असत. नव्या गिऱ्हाइकाला याची गंमत वाटे. "चाचा, यातलं खरं कुठलं?" असं कुणी विचारलं की घड्याळजी शर्टाची बाही मागे सारून मनगट पुढे करत. "हे. बाकीचे पेशंट आहेत."

घरी आल्यावर मात्र ते मनगटावरचं घड्याळ कपाटाच्या खणात जाई. दिवसभर लोकांच्या वेळेत डोकं घातल्यावर घरी तरी हात मोकळा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. घराला वेळ सांगायला स्वयंपाकघरात लंबकाचं एक जुनं घड्याळ होतं. ते त्यांनी लग्नाच्या वर्षी आणून स्वतः भिंतीवर टांगलेलं. सुनेचंही माहेरून आलेलं एक मनगटी घड्याळ होतं, पण ते पट्टा तुटल्यापासून दुकानात पेशंटांच्या रांगेत पडून होतं. तिनं दोनदा आठवण करून दिली, मग नाद सोडला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो याहून वेगळा नसावा.

रमजानचा चंद्र दिसला की घड्याळजी स्टुलावर चढत, काच उघडत आणि मोठा काटा पाच मिनिटं पुढे करत. सगळ्या घराला हे माहीत होतं. 'खबरदारीची पाच मिनिटं' असं त्या पाच मिनिटांना नावच पडलं होतं. पहाटेचं खाणं, म्हणजे सहरी, उजाडायला लागण्याआधी आटपलं पाहिजे. नंतर एक घास जरी पोटात गेला तरी त्या दिवसाचा रोजा बुडतो. म्हणून घड्याळ थोडं पुढे असलेलं बरं. संध्याकाळी रोजा सोडायचा तो मात्र मशिदीच्या बांगेवर. घड्याळजींचा मुलगा लहान असताना एकदा म्हणाला होता, "अब्बा, सकाळी घड्याळ खरं आणि संध्याकाळी मशीद खरी, असं कसं?" त्याला टपली मिळाली. तेव्हापासून त्यानं वडिलांना फारसे प्रश्न विचारले नाहीत. आता तो स्वतः बाप झाला होता, कापडाच्या दुकानात विक्रेता होता, तरी ती टपली त्याच्या डोक्यावरून उतरली नव्हती.

यंदा त्यात आणखी एक भर पडली. मशिदीचं मोठं घड्याळ दरवर्षी रमजानच्या आधी सफाईला घड्याळजींकडे येत असे. दोन माणसं ते चादरीत गुंडाळून आणत आणि घड्याळजी ते हातात घेण्याआधी हात धुऊन येत. यंदा कुणीतरी मशिदीला विजेवर चालणारं नवं घड्याळ दिलं. जुनं अडगळीत गेलं. घड्याळजींना सांगायलासुद्धा कुणी आलं नाही. त्यांना ते रस्त्यात, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

त्या दिवसापासून, घड्याळजींच्या मते, मशिदीत बांग उशिरा होऊ लागली.

"विजेचं घड्याळ ते," ते जेवताना म्हणाले. "दिवे गेले की ते बसलं. मागे पडत चाललंय, बघा तुम्ही. पण मी सांगायला जायचो नाही. येतील दुकानाची पायरी चढून, तेव्हा सांगेन."

"तोवर सगळ्या वस्तीचे रोजे?" सासूबाईंनी विचारलं.

"ज्याचे त्याच्यापाशी. आपलं घड्याळ बरोबर आहे ना?"

सुनेचं बाळ पाच महिन्यांचं होतं. अंगावर पिणारं. सगळे त्याला सोन्या म्हणत. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजे न धरण्याची सूट असते. घरातलं प्रत्येक माणूस तिला ते सांगत होतं, पण कुणाच्याही सांगण्यात सूट नव्हती.

"घे ना, घे," सासूबाई म्हणत. "गेल्या वर्षी पोटुशी होतीस तेव्हा घेतलीस. यंदा पाजतेस म्हणून घे. पुढच्या वर्षीचंही काहीतरी निघेल."

"गेल्या वर्षीचे मी भरून काढणार आहे, अम्मी."

"काढशील गं. मी कुठे नाही म्हणतेय? मी आपली आमची गोष्ट सांगते. तुझ्या नवऱ्याला पाजत पाजत मी सगळे धरले. तेव्हा सल्ला द्यायला कुणी नव्हतं, म्हणून जमलं असेल."

सुनेनं ठरवलं, यंदा धरायचे. तिचाही हट्ट होता, हे लपवून चालणार नाही. पण हट्ट म्हणून ती आंधळी नव्हती. आधी ती दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेली. या बाईंनी सोन्याच्या जन्मापासून त्याचं वजन केलं होतं आणि बायकांवर ओरडण्याचा हक्क कमावला होता.

"धरू नका म्हटलं तर ऐकाल?"

सून सोन्याचं झबलं सारखं करू लागली.

"नाही ऐकणार. तोंडच सांगतंय. मग एवढं तरी ऐका. पहाटेचं खाणं चुकवायचं नाही. चहा आणि बिस्किटावर काढलंत, तर दुपारी तुम्ही आडव्या आणि हा उभ्यानं रडेल."

"बाई, पहाटे मला वेळच नसतो. सगळ्यांचं करायचं असतं."

"म्हणून तर सांगतेय. रात्रीच वाडग्यात ओट्स दुधात भिजवा. त्यात दही, कुटलेले बदाम, चिरलेला खजूर. वर झाकण. पहाटे केळं कुस्करून घातलं की झालं. चूल नाही, तवा नाही. एक अंडं रात्रीच उकडून ठेवा. पाणी एकदम घटाघटा नको, उठल्यापासून घोट घोट. पाच-दहा मिनिटांचं काम. पण बसून खायचं, कळलं? उभ्यानं गिळायचं नाही. ते खाणं तुमचं नाही, याचं आहे."

सुनेनं मान हलवली. एवढं तर कुणालाही जमेल, असं तिला वाटलं.

तिच्याकडे निळ्या काठाचा एक वाडगा होता. पहिल्या रात्री तिनं त्यात सगळं सांगितल्याप्रमाणे भिजवलं, वर बशी झाकली आणि वाडगा फळीवर ठेवला. झोपताना ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "उद्या माझी सहरी तुमच्या सगळ्यांच्या आधी तयार आहे."

गजराचं घड्याळ सासूबाईंच्या उशाशी असे. गजर वाजला की त्या आत येऊन सुनेच्या पायाचा अंगठा हलवत. मग सून स्वयंपाकघरात. सासऱ्यांना अर्धकच्चं अंडं लागे: पांढरं बसलेलं, पिवळं वाहतं. त्यासाठी ते स्वतः भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहत आणि "काढ!" म्हणत. सासूबाईंचे दात गेलेले, त्यांना पाव दुधात भिजवून, आणि दूध ना गरम ना गार, वर साय नको. नवऱ्याला दिवसभर कापडाच्या ताग्यांपुढे उभं राहायचं, त्याला कांदा घालून परतलेली अंडी आणि भाजलेला पाव. मग चहा. मग दुसरा चहा. मध्येच सोन्या उठे. त्याला खांद्यावर टाकून एका हातानं पाव उलटायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं वाडगा खाली घेतला, बशी काढली, चमचा भरला. घास तोंडात गेला आणि सासरे म्हणाले, "वेळ!"

ते हा शब्द गाडीला हिरवा बावटा दाखवल्यासारखा म्हणत. सगळ्यांचे हात थांबले. सून मोरीवर वाकली आणि तोंडातलं थुंकून चूळ भरली. भिजलेले ओट्स पांढरे, मऊ, जाळीवर अडकून बसले. तिनं ते बोटानं उचलून टाकले.

"गिळला असतास तरी चाललं असतं, तोंडातच होता," नवरा हळूच म्हणाला.

"चाललं असतं काय?" घड्याळजी म्हणाले. "पाच मिनिटं कशाला ठेवलीत मग? चालवून घ्यायला?"

"हात जरा चालव गं," सासूबाई म्हणाल्या. "उठायलाच उशीर करतेस. मी हलवते आणि तू आणखी कूस बदलतेस."

सून खरंच कूस बदलत असे का, ते तिला आठवेना. पण स्वयंपाकघरात येऊन घड्याळाकडे पाहिलं की रोज तिला वाटे, अरे, एवढे वाजले? आज आणखी उशीर झाला. ती मग घाई करी, आणि घाईत दूध उतू जाई, आणि दूध पुसण्यात वेळ जाई.

समोरच्या घरातही रोजे असत. सुनेची भांडी घासून व्हायची, तेव्हा त्यांच्या खिडकीत दिवा असे आणि चमच्यांचे आवाज येत. एकदा त्या घरातली मुलगी मोठ्यानं हसली.

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "अजून खातायत. याला काय रोजा म्हणायचा! नुसती उपासमार."

"मशिदीच्या भरवशावर बसलेत बिचारे," घड्याळजी म्हणाले, आणि त्या दिवशी ते बराच वेळ खुशीत होते.

बांग होई तेव्हा सून खोलीत सोन्याला घेऊन आडवी झालेली असे. तो एका बाजूला ओढी, मग दुसऱ्या बाजूला, मग डोकं मागे टाकून तिच्याकडे बघे. त्या बघण्याची तिला भीती वाटू लागली. बांग संपेपर्यंत ती त्याला थोपटे आणि मनात म्हणे, उद्या आधी मी बसेन. काही झालं तरी आधी मी बसेन.

नवऱ्याला हे सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल.

"तू आधी खाऊन का घेत नाहीस?" एका रात्री त्यानं विचारलं.

"अब्बांच्या अंड्याकडे कोण बघेल?"

"मी सांगतो अब्बांना."

"सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो ताटावर बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "अब्बा—"

घड्याळजींनी मान वर केली. "काय?"

"मीठ."

"तुझ्यापुढेच आहे."

"हो, हो," म्हणून त्यानं मीठ घेतलं. सुनेनं ओट्याकडे तोंड फिरवलं. हसू आलं होतं की काय, ते तिलाही सांगता आलं नसतं. रात्री तो म्हणाला, "असं बोलून अब्बांना पटत नाही. मी बघतो काहीतरी." तो काय बघणार आहे ते त्यानं सांगितलं नाही. पण त्या रात्री तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि जरा उशिरानं परत आला, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

त्यानंतर पहाट आणखीच आखूड झाली. आता तिचा हात वाडग्यापर्यंतही पोचत नसे. एकदा तिनं बशी काढली आणि "वेळ!" झाली. एकदा बशीसुद्धा काढली नव्हती. एकदा तिनं खजूर चाकूनं चिरता चिरताच तोंडात टाकला, उभ्यानं, आणि नर्सबाईंची आठवण होऊन तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तो नीट चावलाही गेला नाही. पाणी मात्र ती पीत होती, घोट घोट नाही, घटाघटा. तेवढ्यावर तिचा दिवस जाई. वाडगा दुपारपर्यंत आंबे. तो ती मागच्या दारी मांजरापुढे ओती. महिन्याच्या मध्यापर्यंत मांजर चांगलं तुकतुकीत झालं.

सोन्याचे लंगोट कमी भिजू लागले. सुनेनं ते कुणाला सांगितलं नाही. ऊन फार आहे, घाम जात असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तो रात्री रडू लागला. तान्ह्याच्या रडण्यासारखं ते रडणं नव्हतं. म्हातारं माणूस कण्हतं तसं, बारीक, न थांबणारं.

"याचं पोट भरत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सोन्याला घेतलं, आपलं बोट त्याच्या ओठांना लावलं. तो बोट चोखू लागला तसा त्यांचा चेहरा बदलला. त्या वाईट बाई नव्हत्या. "अगं, हा तर उपाशी आहे!"

दवाखान्यात नर्सबाईंनी सोन्याला तराजूत ठेवलं, काटा बघितला, त्याला उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"पहाटे खाता?"

"खाते."

"बसून?"

सून तराजूकडे बघत राहिली.

नर्सबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजपासून रोजा बंद," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन जेवा. सारखं पाजत राहा, नुसतं ओढलं तरी चालेल. वरच्या दुधाची बाटली सुरू करावी लागेल, याचं वजन उतरणं थांबलं पाहिजे. पान्हा परत येईल कदाचित." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाहीही येणार."

ती घरी आली. भर दुपारी स्वयंपाकघरात बसून जेवली, सगळं घर उपाशी असताना. सासूबाईंनीच तिला वाढलं. एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. सून जेवून उठल्यावर भांडं ठेवता ठेवता त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तेलही गेलं, तूपही गेलं." पुढचं त्या बोलल्या नाहीत, म्हण सगळ्यांना पाठ असते.

सोन्याला बाटली आवडली. तिच्यातून दूध लगेच येई, ओढावं लागत नसे. चार दिवसांत त्याच्या गालावर रंग आला. सून त्याला छातीशी घेई तेव्हा तो आधी हुंगे, मग तोंड फिरवी आणि हात झाडी. रमजानच्या शेवटी शेवटी तिनं पान्हा टिपायला ब्लाउजच्या आत घड्या घालून ठेवलेले कपडे काढून टाकले. ते कोरडेच असत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी चंद्र दिसला. रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. घरातही सगळे मोकळे झाले होते. नवऱ्यानं सगळ्यांसाठी कपडे आणले होते. सून बाटली उकळत्या पाण्यातून काढत होती. घड्याळजी दुकान बंद करून आले आणि हात-पाय न धुता स्टुलावर चढले. मनगटावरचं घड्याळ आज अजून मनगटावरच होतं.

"चला, पाच मिनिटं परत," ते म्हणाले. त्यांनी काच उघडली, मनगट वर धरलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा मनगटाकडे बघितलं. मग मनगट कानाला लावलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"हे पुढे आहे."

"पाच मिनिटं. तुम्हीच केलंत."

"पाच? अगं, अर्धा तास होत आलाय!" त्यांचा आवाज चिरकला. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः चावी दिलेलं घड्याळ होतं ते. त्यांनी ते खाली उतरवलं, टेबलावर ठेवलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. "पुढे पळणारं नाही हे. कधी पळालं नाही. स्प्रिंग बरोबर आहे. लंबक—" ते थांबले. "काट्याला काय लागलंय? लोणी? माझ्या काट्याला लोणी कुणी लावलं?"

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांचे खांदे हलू लागले.

"हसतेस काय?"

"अहो, माझा हात पोचत नाही. मी पळीच्या दांड्यानं ढकलला."

"तू?"

"ही हळू आहे ना हातानं! म्हटलं, घड्याळ पुढे दिसलं की जरा चपळाई येईल. एकदा केलं, फरक पडला नाही, म्हणून आणखी एकदा केलं."

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. बोटांवर हिशेब करत म्हणाले, "तरी पुरत नाही. माझी पाच. तुझं ते. तरीही पुरत नाही."

"मी पण केलं," मुलगा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "म्हणजे, मला वाटलं... सगळे लवकर आटपतील. मग मागे थोडा वेळ राहील. हिला."

मग सासूबाईंना पुन्हा हसू फुटलं, आणि त्यांच्या हसण्यानं मुलगाही हसला, आणि शेवटी घड्याळजीही. "घड्याळजीच्या घरात!" ते म्हणाले आणि डोळे पुसले. "तिघांनी मिळून चारदा! आणि मी त्या मशिदीला नावं ठेवतोय!" हे बोलल्यावर मात्र त्यांचं हसू एकदम थांबलं. "ऐका. हे बाहेर कुणाला कळता कामा नये. दुकानात बसू देणार नाहीत मला लोक."

"कळून काय बिघडलं?" सासूबाई म्हणाल्या. "आपण कुणाचं खाल्लं का? उलट जास्तच उपाशी राहिलो. अल्लाकडून सवाब जास्तच मिळेल."

"तेही खरं," घड्याळजी म्हणाले.

सून रोजे धरत होती तोवर रोज वेळेच्या आधीच, शेवटी शेवटी तर अर्धा तास आधी, मोरीवर वाकली होती. समोरच्या घरातले चमचे वाजत होते तेव्हा खाण्याची वेळ खरोखर होती. ती भांडी घासत होती तेव्हा होती. सोन्या एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं ओढत होता तेव्हासुद्धा, बांग होईपर्यंत, वाडगा फळीवर होता आणि वेळ होती.

तिनं बाटलीत दूध भरून निपल घट्ट बसवलं, दुधाचा एक थेंब मनगटावर पाडून बघितला. "जरा गरम आहे," ती म्हणाली आणि बाटली गार पाण्यात धरून उभी राहिली.

खोलीत नवरा म्हणाला, "मी तुझ्यासाठीच केलं होतं."

"माहीत आहे."

"मला वाटलं, घड्याळ पुढे दिसलं की ते भराभर खातील."

"आणि अब्बा 'वेळ' म्हणायचे, ते कुठल्या घड्याळावर?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून तिला कळलं, की खरंच आलं नव्हतं.

"निदान मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "कानात. वेळ आहे, खा, एवढंच. दोन शब्द."

"अब्बांच्या समोर?"

सोन्यानं बाटली संपवली आणि निपल सोडून ढेकर दिली. नवरा फार कौतुकानं हसला. तिनं सोन्याला त्याच्या हातात दिलं आणि ती दिवा मालवायला उठली.

सणाचे दिवस संपले. घड्याळजी एके दिवशी कुणाला न सांगता मशिदीत गेले आणि अडगळीतलं जुनं घड्याळ मागून आणलं. साफ करून ठेवतो, म्हणाले, काही कमी-जास्त झालं तर असावं. सुनेच्या मनगटी घड्याळाला नवा पट्टा बसवून त्यांनी ते आणून दिलं. "बघ, सेकंदाचा फरक नाही," ते म्हणाले. तिनं ते घेतलं, हातात बांधलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तिनं गेल्या वर्षीचे रोजे भरून काढायला सुरुवात केली. यंदाचे बुडलेले नंतर. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला लगेच? जरा अंग धरू दे." ती म्हणाली, "आता काय, अम्मी? आता तर बाटलीच आहे."

रात्री तिनं निळ्या काठाच्या वाडग्यात ओट्स भिजवले. दही, बदाम, खजूर. अंडं उकडून ठेवलं. पहाटे कुणी तिचा अंगठा हलवायला आलं नाही. ती आपली आपण उठली. स्वयंपाकघरातला दिवा लावला, भिंतीकडे पाठ करून बसली. खिडकी उघडी ठेवली. केळं कुस्करलं. चूल नाही, तवा नाही. घरात सगळे झोपले होते, कुणाचं अंडं नव्हतं, कुणाचा पाव नव्हता. तिनं घास घेतला, चावला, गिळला. मग दुसरा. पाणी प्यायली, घोट घोट.

पोट केव्हाच भरलं होतं. तरी तिनं वाडगा चाटूनपुसून संपवला, आणि अंडंही खाल्लं. नर्सबाईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला नाही. खरंच पाच-दहा मिनिटांचंच काम होतं.

आतून सासूबाईंचा झोपाळू आवाज आला. "सूनबाई? आटप गं आता. किती वाजले?"

"मला नाही माहीत, अम्मी."

"घड्याळ बघ की."

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

तिनं आणखी एक खजूर घेतला, बी काढली आणि सावकाश खाल्ला. अजून अंधार होता. समोरच्या घरात आज दिवा नव्हता. बराच वेळ ती तशीच बसून राहिली आणि मग बांग झाली. तिनं चूळ भरली, वाडगा धुतला.

सोन्या उठला होता. खोलीत जाऊन तिनं सवयीनं त्याला छातीशी घेतलं. त्यानं हुंगलं, तोंड फिरवलं आणि तिच्या खांद्यावरून कोनाड्यातल्या बाटलीकडे हात केला.